गावच्या इतिहासाचा वर्ग, साठीच्या पुढच्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गाव वर्धा नदीच्या काठी, आर्वी तालुक्यात. दरवर्षी संक्रांत झाली की दहा शनिवार हा वर्ग भरतो, बहुतेक गावच्या वाचनालयात. पारावर, पिठाच्या गिरणीवर, तेरवीच्या पंगतीत लोक जे विचारतात ते सगळं इथं एकत्र लिहून ठेवलं आहे. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांना घरच्या पोरांनी वाचून दाखवावं.

इतिहास म्हणजे शिवाजी महाराज, पेशवे, पानिपत. ते तर शाळेत झालं. आता या वयात पुन्हा काहून?

ते झालं, आणि ते मोलाचंच आहे. मी स्वतः तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत तेच शिकवलं. पण निवृत्त झाल्यावर एक गोष्ट मनाला लागली. पोरांना रायगडाचे दरवाजे पाठ होते, पण आपल्या गावाची जुनी पांढरी, म्हणजे वस्तीची जागा, कुठं होती, नदीवर डोंगा कोण चालवायचं, शाळेची पहिली खोली कुणाच्या जागेवर बांधली, हे मी कधी शिकवलं नव्हतं. कारण मलाच माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ती माणसं रोज शाळेसमोरून काठी टेकत जात होती.

म्हणून हा वर्ग. इथं शिकणारे आणि सांगणारे तुम्हीच. आम्ही फक्त तुमच्या आठवणीशेजारी कागद, नकाशा आणि दगड आणून ठेवतो.

मले वाचता येत नाही. मी येऊन काय करू?

यावं, मावशी. वर्गातलं निम्मं काम बोलण्याचं आणि ऐकण्याचं आहे. कागद आम्ही मोठ्यानं वाचतो, नकाशा जमिनीवर खडूनं काढतो. मागच्या खेपेला गावाच्या सगळ्या जुन्या विहिरी, त्यांची नावं आणि कोणती कधी आटली हे ज्या आजीनं सांगितलं, तिला सहीसुद्धा येत नाही. तिनं सांगितलेल्या एकवीस विहिरींपैकी सतरा आम्ही शिवारात फिरून शोधल्या. बाकीच्या चार बुजल्या आहेत, पण जागा तिनं बोटानं दाखवली.

वयाची अट आहे का? फी किती?

साठीच्या पुढचे सगळे. पंचावन्नचं कोणी आलं तर परत पाठवत नाही. फी नाही. चहाला महिन्याकाठी जो जे देईल ते. परीक्षा नाही, प्रमाणपत्रही नाही.

वेळ काय? आम्हाले वावरात काम राहते.

शनिवारी दुपारी ३ ते ५. पहिल्या वर्षी आम्ही वर्ग दिवाळीनंतर ठेवला आणि पस्तावलो, कारण तेव्हा कापूस वेचणीवर असतो आणि साठीची बाईसुद्धा ओटी बांधून वावरात असते. आता संक्रांतीनंतर सुरू करतो आणि ऊन तापायच्या आत संपवतो. आठवडी बाजाराच्या दिवशी वर्ग कधीच ठेवत नाही.

आमच्या गावात ना किल्ला, ना लेणं. इथं कायचा इतिहास?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्या गावाला किल्ला नाही, पण नदी आहे, आणि ही नदी अर्धं शतक दोन राज्यांची सरहद्द होती. १८०३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अडगावची लढाई आणि गाविलगड हातचा गेल्यावर नागपूरकर दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी देवगावचा तह केला. त्यात वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख त्यांना सोडावा लागला आणि तो निजामाकडे गेला. म्हणजे अलीकडच्या काठावर भोसले, पलीकडच्या काठावर निजाम. इकडची पोरगी डोंग्यात बसून तिकडं सासरी गेली की ती परराज्यात गेली. पुढं १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला, १८६२ मध्ये नागपूरमधून वर्धा जिल्हा वेगळा निघाला. १९०३ मध्ये वऱ्हाडही मध्यप्रांताच्या कारभाराला जोडलं.

साहेब दोन्ही काठांवर एकच झाला, पण जमिनीची रीत एक झाली नाही. पलीकडं वऱ्हाडात रयतवारी: ज्याचं वावर तो सरकारात थेट सारा भरणार. इकडं मालगुजारी: गावाचा सारा मालगुजार सरकारात भरणार आणि कुळं मालगुजाराकडे. ही रीत १९५१ मध्ये संपली. म्हणून आपल्याकडं अजून ‘मालगुजाराचा वाडा’ म्हणतात, आणि म्हणूनच आपल्या गावच्या दप्तरात निस्तार पत्रक असतं. त्यात गावकऱ्यांना जळण, चराई, माती-मुरूम कुठून घ्यायचा हक्क आहे ते लिहिलेलं असतं. ढोरांच्या आखराची जागा, मसणवटीची जागा, सगळं. गावाचा इतिहास वाचायला याच्याइतका चांगला कागद मी पाहिला नाही. आपण सगळ्यांनी तो कुणाशी तरी भांडण झाल्यावरच पाहिला आहे, एवढंच.

दुसरं उदाहरण रिठीचं. महसुलाच्या यादीत काही मौजांच्या नावापुढं कंसात ‘रिठी’ लिहिलेलं असतं. म्हणजे शिवार आहे, सातबारा आहे, पण माणूस राहत नाही. तिथं जाऊन पाहिलं तर खापरं, जात्याचा फुटका दगड, मारुतीचा ओटा सापडतो. गाव का उठलं? कोणी पेंढाऱ्यांचं नाव घेतं, कोणी पटकीचं, कोणी पुराचं. आपल्या शेजारच्या रिठीबद्दल वर्गात तीन वेगळ्या कहाण्या जमा झाल्या आहेत आणि तिन्ही वहीत लिहिल्या आहेत.

आणि कापूस. पुलगाव-आर्वी नॅरोगेज गाडी तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिली आहे, काहींनी चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडली आहेत. ती गाडी, जिनिंगचे भोंगे, रात्रभर चालणाऱ्या कापसाच्या बंड्या, रेंग्या, हा सगळा इतिहासच आहे आणि तो पाहिलेली शेवटची पिढी तुमची आहे.

आमचे बाबा म्हणत, आपण चार राज्यांत राहिलो. हे खरं का?

अगदी खरं, आणि घर न सोडता. १९४७ च्या आधी इथं जन्मलेला माणूस मध्यप्रांत आणि वऱ्हाडात जन्मला. १९५० मध्ये त्याचं मध्य प्रदेश झालं, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे तेव्हाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. घरी जुना शाळेचा दाखला असेल तर त्यावरचा शिक्का पाहा. ‘जनपद सभा’ असं असेल तर तो जिल्हा परिषदेच्या आधीचा आहे, कारण जिल्हा परिषदा १९६२ मध्ये आल्या. एका शिक्क्यावरून एवढं कळतं.

मले साल आठवत नाही. फक्त ‘तेव्हा’ एवढंच आठवते. मग काय उपयोग?

साल आठवायची गरजच नाही. खेड्यातली आठवण सालाला बांधलेली नसते, ती सणाला, पिकाला, मरणाला बांधलेली असते. आपण त्या खुंट्या शोधायच्या.

उदाहरण सांगते. एक आजी म्हणाल्या, आष्टीला गोळीबार झाला त्या दिवशी आई वारुळाला गेली होती. वारुळाला म्हणजे नागपंचमी. आष्टीच्या ठाण्यावर लोक तिरंगा घेऊन गेले, गोळ्या चालल्या, लोक मेले आणि पोलीसही मारले गेले, तो दिवस १६ ऑगस्ट १९४२. त्याच दिवशी चिमूरलाही उठाव झाला. आणि त्या वर्षीची नागपंचमी त्याच दिवशी होती. आजींना तारीख येत नव्हती, पण त्यांच्या घरात टिकलेला सण तारखेशी बरोबर जुळला. पुस्तकात वाचून कोणी असं सांगणार नाही, हे ऐकलेलंच असतं.

दुसऱ्या एक मावशी म्हणाल्या, माझं लग्न झालं तेव्हा आहेरात नवे पैसे आले होते, म्हातारे लोक ते उलटसुलट करून पाहत होते. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून. त्यांच्या घरची माणसं हे लग्न पंचावन्नचं समजत होती. आता दोन वर्षं पुढं सरकलं, आणि त्याबरोबर मोठ्या मुलाचं वयही.

सगळ्यात पक्क्या खुंट्या १९५६ च्या शेवटी आहेत. दसऱ्याला, १४ ऑक्टोबरला, नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली, १६ ला चंद्रपुरात. १ नोव्हेंबरला राज्य बदललं. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. २० डिसेंबरला गाडगेबाबा गेले. सत्तर दिवसांच्या आत एवढं सगळं. त्या हंगामातलं काहीही आठवत असेल, कोणाचं लग्न, कोणाचा बैल मेला, कापूस कोणत्या वेच्यावर होता, तर ते या चार-पाच दिवसांच्या मधे कुठंतरी बसतं. आम्ही फळ्यावर दोरी लावतो आणि चिठ्ठ्या चिमट्यानं अडकवतो. तो शनिवार मला सगळ्यात आवडतो.

त्यानंतरची खुंटी बहात्तरच्या दुष्काळाची, मिलो ज्वारीच्या लाल भाकरीची. ती चव कुणीच विसरलेलं नाही.

आठवण चुकीची निघाली तर लोक हसतील.

कोणी हसत नाही. आणि चुकीचा फक्त माणूसच असतो असं नाही, कागदही असतो. या वर्गात हात वर करायला सांगा: कोणाकोणाची जन्मतारीख १ जून किंवा १ जुलै आहे? निम्म्याहून जास्त हात वर होतात. गुरुजींनी पोराची उंची पाहून शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात (पोरांची नावं दाखल केल्या-काढल्याच्या वहीत) लिहिलेली ती तारीख. सरकारी कागद, सही-शिक्का सगळं खरं, आणि तारीख खोटी. तुमची माय मात्र म्हणायची की तू पोळ्याच्या पाडव्याला झाला, तान्हा पोळा निघाला होता. त्या बाबतीत मायचं ऐकावं.

उलटही होतं. ‘आमच्या आजोबानं इंग्रजाला हाकलून लावलं’ असं तीन घरांत ऐकलं, आणि जुन्या मिसलीत (जमीनबंदोबस्ताच्या दप्तरात) आजोबांचं नाव साऱ्याच्या थकबाकीत सापडलं. आम्ही दोन्ही लिहून ठेवतो. घरात गोष्ट अशी सांगतात, कागद असं म्हणतो. निकाल लावायची घाई नाही.

घरी पेटीत जुने कागद आहेत. आणू का?

आणा, पण हात लावण्याआधी हे वाचा.

लॅमिनेशन करू नका. गावोगावी लोक मायेपोटी हेच करतात आणि कागद कायमचा जातो, कारण ते प्लास्टिक परत निघत नाही. चिकटपट्टी लावू नका, दोन-चार वर्षांत पिवळी पडून अक्षर खाते. घड्या जोरानं उलगडू नका. सुती कपड्याचा बस्ता पूर्वीचे लोक बांधत, तोच उत्तम, फक्त कपडा धुतलेला आणि कोरडा हवा. पेटी भिंतीला टेकवून किंवा चुलीच्या खोलीत ठेवू नका. मोबाईलवर फोटो काढायचा तर दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, कागद सपाट ठेवून, आणि मागची बाजूसुद्धा. मागं बऱ्याचदा कोणीतरी हिशेब लिहिलेला असतो आणि तोच कामाचा निघतो.

हे एवढ्या पोटतिडकीनं लिहिते कारण माझ्या वडिलांची पेटी आम्ही घर शाकारताना जाळली. त्यात मोडीतले कागद होते, वाचता येत नव्हते म्हणून ‘काही कामाचे नाहीत’ असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. मीही होते त्यात. त्या कागदांत काय होतं ते आता कधीच कळणार नाही.

मोडी कागद निघाला तर फेकू नका. वर्गात मोडी शिकवत नाही, पण दोन शनिवार अक्षरओळख करतो, म्हणजे निदान नाव आणि साल ओळखता येतं. शके लिहिलेलं असेल तर त्यात ७८ मिळवा, इसवी सन येतं.

जमिनीचे कागद दाखवले आणि भाऊबंदकी पेटली तर?

ही भीती रास्त आहे. आमचा नियम कडक आहे: चालू वादातला कागद वर्गात उघडायचा नाही. १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, बंदोबस्ताची मिसल, जुना गावनकाशा, हे आम्ही गावाचा कागद म्हणून वाचतो: शेताची नावं, विहिरी, रस्ते, झाडं. हिस्सा कुणाचा किती हे इथं कोणी काढायचं नाही. एकदा दोन चुलतभाऊ त्यावरून उठून गेले, तेव्हापासून हा नियम भिंतीवर लिहिला आहे. दोघंही पुढच्या वर्षी परत आले.

इथं सापडलेला कागद जात पडताळणीले चालते का?

वर्गातला फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही. तहसील, भूमी अभिलेख किंवा शाळेतून प्रमाणित नक्कलच लागते. पण कुठं शोधायचं ते इथं कळतं. दाखल-खारीज आणि कोतवाल बुकातल्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी लोक एवढ्या शोधतात त्याचं कारण मानीव तारखा (रहिवास ज्या दिवशीचा धरतात त्या) आहेत: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेच्या आधीचा पुरावा असला की काम सोपं होतं. नातवाच्या ॲडमिशनच्या वेळी धावपळ करण्यापेक्षा आधीच नक्कल काढून ठेवा.

गावचा इतिहास म्हणजे पाटलाचा आणि मालगुजाराचा. आमच्या मोहल्ल्याचं कोण सांगणार?

तुम्ही. आणि हा आक्षेप बरोबर आहे. पहिल्या वर्षी वर्ग एका वाड्याच्या ओसरीवर भरवला, आणि गावातली निम्मी माणसं त्या ओसरीवर चढली नाहीत, कारण त्यांच्या आईबापांना तिथं चढू दिलं जात नव्हतं. आम्हाला हे आधी सुचायला हवं होतं. म्हणून आता वाचनालयात, आणि दहापैकी दोन शनिवार बुद्धविहारात, एक शनिवार तांड्यावर.

जो इतिहास कागदावर आला तो सारा भरणाऱ्यांचा आणि घेणाऱ्यांचा. ज्याच्या नावावर वावरच नव्हतं, त्याचं नाव मिसलीत नाही. तिथं आठवण हाच पुरावा. कोणत्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, कधीपासून भरू दिलं, दीक्षेला नागपूरला बंडीनं गेले की पायी, शिदोरी काय होती, कोण मागं राहिलं, हे सगळं आम्ही ज्याच्या त्याच्या शब्दांत लिहून घेतो. ऐकताना काहींना अवघड होतं. तरी ऐकायचं.

बायांसाठी काय आहे?

बायांशिवाय वर्गच होत नाही. माणसं लढाया आणि निवडणुका सांगतात. कोण कोणत्या गावाहून आलं, कोणत्या साथीत किती लेकरं गेली, धान्य पायलीनं मोजायचं की कुडवानं, हे बाया सांगतात. आपल्या गावच्या सुनांची माहेरं नकाशावर टाकली तर बहुतेक नदीपलीकडं निघाली. राज्याची सरहद्द होती तेव्हाही सोयरिकी थांबल्या नव्हत्या.

भुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, पोळ्याच्या झडत्या, महादेवाच्या यात्रेची गाणी, हे सगळं रेकॉर्ड करतो. झडतीत गावच्या घटना असतात, कोणत्या सावकारानं काय केलं तेही असतं. गाणं म्हणणारी थकली की थांबायचं, पुढच्या शनिवारी पुढचं.

ते रेकॉर्डिंग कुठं जाते? मोबाईलवर फिरवाल का?

नाही. तुम्ही हो म्हणाल तरच ठेवतो, एक प्रत वाचनालयात, एक तुमच्या घरी. ‘हे लिहा पण नाव टाकू नका’ म्हटलं तर नाव टाकत नाही. ‘मी मेल्यावर ऐकवा’ असंही एकानं सांगितलं आहे. त्याचं पाकीट बंद आहे.

ऐकू कमी येते, गुडघे दुखतात.

खुर्च्या आहेत, पायऱ्या दोनच, संडास जवळ. ऐकू कमी येणाऱ्यांना पुढं आणि भिंतीकडं पाठ करून बसवतो. एका वेळी एकानंच बोलायचं, हा नियम ऐकणाऱ्यांसाठीच आहे.

सहल राहते का?

एक. आळीपाळीनं तीन ठिकाणं. आष्टीचं हुतात्मा स्मारक. नदीपलीकडं कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर म्हणून सगळ्यांना ठाऊक, जिथून पंढरपूरला पालखी जाते आणि जिथं उत्खननात जुन्या वस्तीचे थर निघाले. आणि धाम नदीवरचं पवनार: विनोबांच्या आश्रमाच्या जागेत जमीन खणताना वाकाटककाळातली शिल्पं सापडली, ती तिथंच पाहता येतात. इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी वाकाटकांची प्रवरपूर राजधानी ती हीच असं मांडलं. दुपारच्या आत परत येतो.

नातवाले सोबत आणलं तर चालते का?

चालतं. मोबाईल धरायला आणि लिहायला लागतोच. फक्त आजीचं वाक्य त्यानं पूर्ण करायचं नाही.

आमच्या गावात असा वर्ग सुरू करायचा आहे. कसं करू?

पैशाची गरज फार नाही. एक सगळ्यांना चालेल अशी जागा, एक वही, आणि ऐकून घेणारा एक माणूस. भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात अर्ज करून गावनकाशाची नक्कल घ्या. आपल्या जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर शोधा, पण ते साहेबाच्या नजरेनं लिहिलं आहे हे ध्यानात ठेवून वाचा. राजघराण्यांच्या यादीनं सुरुवात करू नका. आम्ही केली होती, सातवाहन, वाकाटक, यादव असं ओळीनं, आणि तिसऱ्या शनिवारी निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. विहिरींनी सुरुवात करा. प्रत्येकाला एक तरी विहीर ठाऊक असते.

झाडीकडच्या गावात, भंडारा-गोंदियाकडं असाल, तर तलावापासून. मामा तलाव म्हणतात तो मामाचा नाही, माजी मालगुजारी, हे सांगितलं की बोलणं आपोआप सुरू होतं: पाळ कुणी बांधली, पाणी कुणाला आधी मिळायचं, मासे कुणाचे.

पहिल्या दिवशी सोबत काय आणू?

चष्मा, पाण्याची बाटली, आणि घरातली एक जुनी वस्तू, जिच्याबद्दल तुम्हाला पाच मिनिटं बोलता येईल. मागच्या वर्षी पायली आली, मोटेचं चाक आलं, बैलाच्या गळ्यातली घाटी आली, आणि एका काकांनी लुगड्याचा एक तुकडा आणला, आईच्या. ते त्याबद्दल बोलले नाहीत, नुसता टेबलावर ठेवला. पुढच्या शनिवारी बोलले.